विमलचे दोन लव्हाळे

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर चार नट आवळले. दोन तिने, दोन मी.

मागच्या अंगणात सिमेंटच्या ओट्यावर विमलचा, माझ्या बायकोचा, दाब असायचा. दाब म्हणजे झाडपाला दाबून वाळवायची चौकट. जुन्या खाटेच्या सागवानी पट्ट्या कापून मीच करून दिली होती. वर एक जाळी, खाली एक जाळी, मधे वर्तमानपत्रांची चळत आणि त्यांच्या घड्यांत तिने उपटून आणलेले लव्हाळे. चार कोपऱ्यांना चार बोल्ट, वर कानवाले नट, हाताने फिरतात. मी कोराडीच्या वीज केंद्रात फिटर होतो. नट तिरप्या कोपऱ्यांनी आवळायचे असतात. एकाच बाजूचे आवळत गेलं की दुसरी बाजू तोंड उघडते. हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हापासून ती ओट्याच्या पलीकडे उभी राहायची, मी अलीकडे. माझा डावा, तिचा डावा. माझा उजवा, तिचा उजवा.

कोजागिरी होऊन गेली होती. दिवे लागायची वेळ.

"बस, आता पिळू नका. दाणे फुटतीन," ती म्हणाली.

"मोहरीपेक्षा बारीक आहे तो. कायचा फुटते?"

"फुटते. अन् उद्या सकाळी कागद बदलाचे आहेत. ध्यान ठेवा."

"मी कधी विसरलो?"

"सांगून ठेवते."

मग तिने हात धुतले, भाकरी टाकल्या. वांग्याची भाजी दुपारचीच होती. जेवलो, झोपलो. सकाळी ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. असेल.

आता जो भेटायला येतो तो म्हणतो, फार शांत बाई होती. मी ऐकून घेतो. शांत नव्हती. हट्टी होती, रागीट होती, आणि लव्हाळ्याला गवत म्हटलं तर जेवण वाढून देऊन दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची. माणूस गेला की लोक त्याला धुवून पुसून ठेवतात. मला ते जमत नाही. जशी होती तशी सांगतो.

ती शहरात एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. मॅट्रिक झालेली. मी सातवी. कोराडीच्या कॉलनीतून सकाळच्या बसने जायची. बसच्या खिडकीतून राख आत यायची म्हणून डोक्याला रुमाल बांधायची. कॉलेजात काम काय, तर सूक्ष्मदर्शक पुसायचे, पोरांसमोर नमुने मांडायचे, आणि झाडं वाळवून जाड कागदावर चिकटवून कपाटात लावायची. हे शेवटचं काम तिच्या अंगात शिरलं. त्यातही लव्हाळे. एकदा मी विचारलं, एवढी झाडं असताना हेच काहून? तर म्हणाली, "त्या कपाटात सगळ्यात जास्त घोळ याहीचाच आहे." एवढंच कारण. तिला घोळ सहन होत नसे. माझ्या अवजारांच्या पेटीतले पाने सुद्धा ती आकाराप्रमाणे लावून ठेवायची, आणि मला ऐन वेळी सापडायचे नाहीत.

दिसायला बारीक, बुटकी. साडी खोचून पाण्यात उतरायची तेव्हा मागून पाहिलं तर भाताच्या रोवणीवाली मजूर बाई वाटावी. गळ्यात मंगळसूत्र आणि त्याच्यासोबत काळ्या दोरीत भिंग. घडीचं, दहा पट मोठं दाखवणारं. मुलीच्या लग्नात मी म्हटलं, आज तरी काढून ठेव. म्हणाली ठेवते. अल्बममध्ये पाहा, कन्यादानाच्या फोटोत पैठणीवर भिंग लटकून राहिलं आहे. व्याह्यांच्या एका म्हातारीने विचारलं होतं, हा दागिना कोणता बाई? विमलने तिला तिथंच बसवून हारातल्या शेवंतीची पाकळी दाखवली. म्हातारी खूश. मुहूर्ताला दोघींना शोधत फिरावं लागलं.

मला तिने लव्हाळा शिकवला तो असा. कॉलनीच्या नाल्याकाठी उभे होतो. मी म्हटलं, सगळं गवतच आहे.

"डोळे मिटा," ती म्हणाली.

"काहून?"

"मिटा म्हणते ना. तुमाले अंधारात हातानं समजते ना, कोणत्या बोल्टाले कोणता नट?"

"समजते."

"मंग मिटा."

तिने माझ्या बोटांत एक काडी दिली. मी फिरवली. गोल. मधे मधे गाठी. "हे गवत," ती म्हणाली. मग दुसरी काडी दिली. ती फिरेना. बोटांत अडकत गेली, धार, मग सपाट, मग धार. तीन कडा. एक पण गाठ नाही. चिमटीत दाबली तर आतून भरीव. "हा लव्हाळा. आता सांगा, एकच आहे का?"

माझी बोटं अख्खी नोकरी लोखंडात गेलेली, भेगांची. त्यांना सुद्धा ते समजलं. पण मी कबूल केलं नाही. म्हटलं, "गवताले कोणी तासून ठेवलं असंन." ती त्या दिवशी दुसऱ्या खोलीत जेवली.

तर गवत आणि लव्हाळा हे सोपं. अवघड पुढेच. लव्हाळ्या-लव्हाळ्यांत फरक करायचा म्हणजे डोळे जातात. तिची लॅटिन नावं माझ्या जिभेवर कधी बसली नाहीत. सायपेरस एवढं येतं, ते पण अर्ध्या लव्हाळ्यांचं आडनाव तेच असल्यामुळे. मग तिने माझ्यासाठी घरची नावं पाडली. एकाचा तुरा एका बाजूला कलायचा, तो वामनकाका. माझे काका तशीच मान टाकून बसायचे. एकाच्या तुऱ्याखाली लांब लांब पानं चारी बाजूंना सुटलेली, ती पारूआत्या, न्हाऊन आलेली. आणि दोन होते ते अगदी सारखे. उंची सारखी, पान सारखं, तुरा सारखा, तपकिरी रंग सारखा. ते थोरली आणि धाकटी. माझ्या दोन वहिन्या सख्ख्या बहिणी, माझ्या दोन भावांना दिलेल्या. फोनवर आवाज ऐकून माझे भाऊसुद्धा फसतात.

हे वहिन्यांना एक दिवस समजलंच. थोरली वहिनी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय वं विमल, आमाले गवत केलं तू?"

"गवत नाई जाऊबाई," विमल म्हणाली. "लव्हाळा."

"अन् आमच्यात फरक कसा करतं तू? रंगानं?"

"दाण्यानं. तुमचा दाणा तीन धारेचा. धाकटीचा चपटा, दोन बाजूचा."

"बापा! धार माझीच काढली!" थोरली म्हणाली, आणि धाकटी पदर तोंडाला लावून हसत बसली. थोरलीची जीभ कशी आहे ते सगळ्या खानदानाला माहीत आहे.

दाणा हा विमलचा शेवटचा शब्द असे. काडी पाहायची, बुडाचं पान पाहायचं, तुरा पाहायचा, पण नाव सांगायचं ते दाणा पिकल्यावरच. हिरव्या तुऱ्यावरून कोणी नाव विचारलं की म्हणायची, "दाणा पिकू द्या." हळूहळू ते सगळ्याच गोष्टींना लागू झालं. शेजारच्या घरी नवी सून आली, बायका विचारायच्या कशी आहे, ही म्हणायची दाणा पिकू द्या. निवडणुकीत कोण येईल, दाणा पिकू द्या. मी चिडून म्हणायचो, "भाताले किती वेळ आहे?" तर आतून तेच उत्तर.

घरात वर्तमानपत्र मी वाचायच्या आधी तिच्या लव्हाळ्याखाली जायचं. ओला झाडपाला कागदात पाणी सोडतो. तो कागद रोज सकाळी बदलून कोरडा घालावा लागतो. एक दिवस चुकलं तर बुरशी, आणि सगळं फेकून द्या. पावसाळ्यात कागद वाळत नाहीत. मग ती कागदांना इस्त्री करायची. एकदा माझा जुना सोबती घरी आला. मी चुरगळलेल्या शर्टात बसलेलो आणि ही उभ्याने पेपराला इस्त्री करून राहिलेली, वाफ निघून राहिलेली. तो जाताना गेटापाशी मला हळूच म्हणाला, "वहिनीची तब्येत बरी आहे ना गा?"

दिवाळीच्या आधी उटण्यासाठी नागरमोथा घ्यायला ती जुन्या शहरातल्या महाल भागातच जायची. नागरमोथा म्हणजे पण लव्हाळ्याचीच गाठ, जमिनीतली. त्या गल्लीत जडीबुटीचं एक जुनं दुकान आहे. मी स्कूटर घेऊन बाहेर उभा, मागून हॉर्नवर हॉर्न, आणि ही एक एक गाठ मोडून नाकाला लावणार. दुकानदार हिंदीत म्हणायचा, बहनजी, असली है. ही म्हणायची, असली आहे, पण दोन तऱ्हेचा असली आहे, वेगळा करून द्या. तो बिचारा निवडायला बसायचा. मागचे लोक मला शिव्या द्यायचे, तिला नाही.

दोघं निवृत्त झालो आणि मनीषनगरला घर बांधलं. तेव्हा आजूबाजूला अजून मोकळे प्लॉट होते. आता फ्लॅटच फ्लॅट. आमच्या ओळीच्या मागे एक बोडी राहिली आहे. बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. शेत गेलं, लेआउट पडले, बोडी तेवढी तशीच आहे, अर्धी पाण्याने, अर्धी प्लास्टिकने भरलेली. विमलने घर पसंत केलं ते त्या बोडीसाठी. ती नोकरीला नवी लागली तेव्हा कॉलेजची पोरं घेऊन सगळे या बोडीवर आले होते. तेव्हा इथं नुसती शेतं होती. इथूनच तिने तो लव्हाळा उपटला होता.

कोणता, ते सांगतो. सगळं त्याच्यापाशीच अडलेलं होतं.

निवृत्तीनंतर एका सकाळी ती बोडीवरून आली ती हातात तुरा घेऊन, चप्पल न काढता आत. तुरा ताटलीत झटकला, भिंग लावलं, आणि बसूनच राहिली. मी चहा मागितला. ऐकू गेलं नाही. शेवटी म्हणाली, "मी चुकली."

"काय झालं?"

"कॉलेजात थोरली म्हणून जो कागद लावला, तो माझ्या हातचा आहे. इथूनच नेला होता मी. तो कच्चा होता. परीक्षा तोंडावर होती, शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं कोणता, मी थोरली म्हणून सांगितलं. बाईंनी माझ्यावर भरवसा ठेवला." तिने ताटली माझ्याकडे सरकवली. "इथं तर धाकटी आहे. चपटा दाणा आहे."

"मंग? थोरली पण असंन कुठं बाजूले."

"असंन. तेच तर मले माहीत नाही. दोन्ही आहेत का एकच आहे, अन् मी कोणती नेली."

त्या कागदावरून कॉलेजच्या पोरांनी वर्षानुवर्षं चित्रं काढली होती. खाली नाव लिहून पास झाली. त्यांतली काही आता स्वतः शिकवत असतील. कोणाचं काही बिघडलं नव्हतं. मी तिला तेच सरळ म्हटलं. म्हटलं, हे ओळखून कोणाचं पोट भरते?

ती म्हणाली, "तुमचा नट चुकला असता तर?"

"पाइप सुटला असता. वाफेनं माणूस भाजला असता."

"अन् इथं कोणी भाजत नाही, म्हणून चुकलं तर चालते?"

मी उठून स्वतःच चहा टाकला.

ती कॉलेजात गेली. आता तिथं जे सर आहेत ते चांगले आहेत. त्यांनी कपाट उघडून तो कागद काढला, तिला खुर्ची दिली, दोघांनी पाहिला. सर म्हणाले, विमलताई, हा तुरा कच्चाच आहे, यावरून मी पण सांगू शकत नाही. एकाच जागेचे दोन्ही लव्हाळे आणा, पिकलेल्या दाण्यासकट. शेजारी ठेवून पाहू. तुमचं खरं निघालं तर मी नाव बदलतो. ही घरी आली ती हसत. म्हणाली, "सर म्हणाले, दाणा पिकू द्या."

बोडीच्या उत्तरेच्या काठाला दोन झुबके तिने हेरून ठेवले. एक धाकटी, त्याची खात्री होती. दुसरा तिला थोरली वाटायचा. पण वाटणं तिच्याकडे चालत नसे.

आता अडचण अशी, की दाणा दुधात असतो तेव्हाच गणपती येतात. विसर्जनासाठी पोरं काठ साफ करतात. पहिल्या वर्षी ती गेली तर काठ चकाचक, मधे विजेच्या माळा. ती तशीच घरी आली. पुढच्या वर्षी पोरांना आधी सांगून ठेवलं, त्यांनी झुबके सोडले, आणि गौरी उठायच्या आत कोणाच्या तरी म्हशी चरून गेल्या. त्या म्हशींवर तिचा जो राग होता तो मी आयुष्यात स्वतःवर पण पाहिला नाही, आणि माझ्यावर तिने पुष्कळ राग काढलेला आहे.

यंदा तिने झुबक्यांना धागे बांधले. एकाला लाल, एकाला हिरवा. ओळख राहावी म्हणून, दुसरं काही नाही. रोज सकाळी जाऊन वाकून पाहायची, भिंग लावायची, तुऱ्याला बोट लावायची.

एक दिवस आम्ही गेलो तर लाल धाग्याच्या झुबक्याला हळदकुंकू लागलेलं. समोर दोन उदबत्त्या, अर्धं नारळ.

मला हसू आवरेना. विमल कपाळाला हात लावून उभी. "आता हे काय करून ठेवलं लोकाईनं?"

"देव झाला तुया लव्हाळा," मी म्हटलं. "राहू दे वं. आता कोणाची माय व्याली त्याले हात लावाले?"

"असं कसं राहू देऊ? खोटं आहे ते."

"अवं, पण वाचते ना तो!"

ऐकेल तर विमल कसली. शोधत शोधत गेली. पलीकडच्या झोपड्यांतली एक बाई, बांधकामावर जाणारी, तिने ते केलं होतं. विमलने तिला सरळ सांगितलं, "बाई, हा देव नाही. लव्हाळा आहे. मी खूण म्हणून धागा बांधला."

ती बाई शांतपणे म्हणाली, "मावशी, तुमी रोज येता. चप्पल काढून पाण्यात उतरता. वाकून दोन्ही हातानं त्याले धरता. मंग तुमी काय करता?"

विमल वळून घराकडे निघाली. घराजवळ आल्यावर म्हणाली, "चप्पल तर मी चिखलानं काढते." थोड्या वेळाने परत म्हणाली, "सांगितलं मी तिले खरं. आता तिनं नाही ऐकलं तर माझा काय दोष?" आणि हसली. तोंड दाबून हसणं तिचं, खांदे हलायचे फक्त.

यंदा पोरांनी काठ साफ केला, पण त्या दोन झुबक्यांना कोणी हात लावला नाही. म्हशीवाल्याने पण म्हशी दुसरीकडून नेल्या. विसर्जनाच्या दिवशी ढोल वाजत होते, पोरं पाण्यात उड्या मारत होती, आणि एक दांडगा पोरगा ओरडून सांगत होता, "अबे तिकडून नको, तिथं आजीचा देव हाय!" विमल ऐकत होती. तिने काही दुरुस्त केलं नाही. मी तिला तसं म्हटलं पण. म्हणाली, "ढोलात कोणाले ऐकू येते?"

मग उन्हं कडक झाली, तुरे पिवळे पडले, तपकिरी झाले. कोजागिरी गेली. त्या दिवशी दुपारी चार वाजता ती म्हणाली, चला. मी खुरपं घेतलं, तिने ओलं फडकं. दोन्ही झुबक्यांतून तिने मुळासकट काही काड्या काढल्या. सगळ्या नाही घेतल्या. राहिलेल्यावर पाणी शिंपडलं. नारळाची करवंटी उचलून बाजूला ठेवली, फेकली नाही.

घरी आल्यावर दोन घड्यांत दोन लव्हाळे पसरले, आणि तिने दोन्ही धागे सोडून टाकले.

मी म्हटलं, "अवं, धागे काहून काढते? उद्या कोणता कोणता, कसं समजंन?"

"धागा पाहून ओळखलं तर काय ओळखलं? मनात आधीच बसलं आहे ना माझ्या, लाल म्हणजे थोरली. मागच्या टायमाले असंच तर चुकली मी. आता दाण्यालेच विचारतो."

"मंग विचार ना आत्ता."

ती ट्यूबलाइटकडे पाहून म्हणाली, "या उजेडात नाही. सकाळच्या उन्हात पाहू. इतकी वर्षं थांबली, एका रातीनं काय होते?"

मग चार नट. ते सांगितलंच.

सकाळी डॉक्टर येऊन गेले. शेजारचे आले. मुलगी पुण्याहून निघाली होती, ती येईपर्यंत दुपार होणार होती. हॉलमधलं सामान बाजूला करून विमलला तिथं ठेवलं. बायका बसल्या. थोरली वहिनी महालातून रिक्षाने आली, तिच्या मागून धाकटी. दोघी रडल्या, आवाज सारखाच. कोणी मला खुर्ची दिली, कोणी पाणी. सगळे म्हणत होते, बसा, तुम्ही बसा. बसलो. बसून बसून किती बसणार. मागच्या दारातून ऊन आत आलं, आणि मला आठवलं की कागद बदलायचे आहेत.

उठलो. कोणी अडवलं नाही, मोरीकडे जात असेल वाटलं असेल. इस्त्री केलेले कोरडे कागद कपाटाच्या वर होते, ते घेतले. ओट्यापाशी जाऊन चारही नट सैल केले, वरची जाळी उचलली. कागद दमट लागत होते. पहिली घडी उघडली. दुसरी उघडली. दोन लव्हाळे. खरं सांगतो, अगदी एकसारखे. धागा नाही, खूण नाही.

तिचं भिंग खिळ्याला टांगलेलं होतं. झोपताना ती तिथं टांगायची. मी पांढरी ताटली आणली, पहिल्या तुऱ्यावर अंगठा फिरवला, चार-पाच दाणे पडले. ओट्यावर ऊन होतं. माझ्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, त्या डोळ्याला भिंग लावलं आणि ती वाकायची तसा वाकलो. आधी नुसता धूर दिसला. मग हात जरा खाली घेतला आणि दिसलं.

चपटे. काळसर, मसुरीच्या डाळीसारखे, दोन बाजूंचे. कसाही उलटा, चपटेच.

ते फुंकून बाजूला केले. दुसऱ्या तुऱ्याचे पाडले. काडीने एक उलटवला. धार. परत उलटवला. धार. आणखी एक. तीन. लहानसा, तिकोनी, जसं कोणी कानशीने घासून ठेवलं आहे.

दोन्ही होते. बोडीवर दोन्ही होते. तिला वाटत होतं तसंच.

मागून वहिनीचा आवाज आला. "भाऊजी, काय करून राहिले तुमी इथं?" थोरली दारात उभी होती, डोळे सुजलेले. तिच्या मागे कोणीतरी हळूच म्हणालं, डोक्यावर परिणाम झाला वाटते. थोरलीने वळून त्याच्याकडे असं पाहिलं की तो आत गेला. मग ती ओट्यापाशी आली.

"कागद बदलाचे होते," मी म्हटलं.

ती दोन्ही घड्यांकडे पाहत राहिली. "हेच का ते? आमी दोघी?"

"हो."

"कोणती मी?"

मी तिला दाखवली. "ही. हिले तीन धारा आहेत."

"तुमाले समजलं?"

"समजलं."

तिने पदराने तोंड झाकलं आणि आत गेली. मी कागदाच्या दोन पुड्या बांधल्या, किराणावाला बांधतो तशा. एकीवर थोरली लिहिलं, एकीवर धाकटी. माझं अक्षर वाईट आहे, पण वाचता येतं. पुड्या ज्याच्या त्याच्या घडीत ठेवल्या. दमट कागद काढले, कोरडे घातले. वरची जाळी बसवली.

माझा डावा आवळला. मग ओट्याला वळसा घालून पलीकडे गेलो, तिचा डावा आवळला. परत अलीकडे आलो, माझा उजवा. परत पलीकडे गेलो, आणि तिचा उजवा आवळला. जास्त पिळला नाही.